तेवीस ते सव्वीस

काचवालीला राग आला की आधी सातव्या मजल्यावरची कबुतरं उडायची, मग सहाव्या मजल्यावरचे कारकून खुर्च्या सावरून बसायचे, आणि तो राग उतरत उतरत तळमजल्यावरच्या पहारेकऱ्यापर्यंत पोचेतो त्यानं चहाचा कप टेबलाखाली लपवलेला असायचा. चौतीस वर्षं हा क्रम चुकला नव्हता. त्या मंगळवारी मात्र एकही कबुतर हललं नाही. राग आला तोच मुळी पाचव्या मजल्यावर, इमारतीच्या ऐन पोटात, आणि तिथून त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती.

"खिडकी कुठाय?" तिनं विचारलं.

जावयानं टाय सारखा केला. त्या इमारतीतली नवी घरं विकायला कंपनीनं ज्या माणसाला ठेवलं होतं तो नेमका तिचा जावई होता. "ही काय आई, समोरच तर आहे."

समोरच्या भिंतीवर दुधी काचेचा एक चौकोन होता. मागे दिवा. काचेवर निळं आभाळ, दोन ढग, एक पक्षी.

"सकाळी निळं असतं, संध्याकाळी आपोआप केशरी होतं. बटण इथे आहे. चोवीस तास आभाळ!"

काचवाली पुढे गेली. आयुष्यभर प्रत्येक काचेवर फिरवला तसा तिनं या काचेवरही अंगठा फिरवला. मग पक्ष्याकडे बोट दाखवलं.

"हा काय करतोय?"

"उडतोय."

"कधीपासून?"

जावयानं बटण दाबून आभाळ केशरी केलं.

"मी तीनशे आठ खिडक्या पुसल्या या इमारतीच्या," ती म्हणाली. आवाज अजून खालच्या पट्टीत होता, आणि तिला ओळखणारा कोणी तिथे असता तर तेवढ्यावरूनच त्यानं जिना गाठला असता. "उन्हात पुसल्या, वाऱ्यात पुसल्या. आणि मला घर दिलंत ते बिनखिडकीचं?"

इमारत होती एका जुन्या विमा कंपनीची. सात मजली, दगडी, शहराच्या अगदी मध्यात. दर मजल्याला चव्वेचाळीस खिडक्या. कंपनी शहराच्या टोकाला एका काचेच्या मनोऱ्यात राहायला गेली, तिथल्या काचा म्हणे यंत्र पुसतं. जुनी इमारत पाडायला सरकारची मनाई, कारण ती जपायच्या वास्तूंच्या यादीत. मग कोणाच्या तरी डोक्यातून निघालं की बाहेरून दगड तसाच ठेवायचा आणि आत माणसं राहायला आणायची. जिथे विधवांचे अर्ज परत पाठवले जायचे तिथे पाळणाघर झालं. जिथे मोठे साहेब जेवणानंतर डुलक्या काढायचे तिथे शयनगृह झालं, म्हणजे तिथे फारसा बदल करावा लागला नाही. पण ऑफिसाची इमारत पडली पोटानं जाड. कडेला उजेड आणि मध्ये काळोख, जिथे पूर्वी फायली ठेवत. कडेच्या खिडक्या मोठ्या घरांनी वाटून घेतल्या. मधल्या काळोखाची झाली छोटी घरं. आणि नियम असा होता की इमारतीत आधीपासून जो राहत असेल त्याला इमारतीतच घर द्यायचं.

राहत होती दोनच माणसं. गच्चीवरच्या खोलीत काचवाली आणि तिचा नवरा, दोरवाला. एकानं लटकायचं आणि दुसऱ्यानं धरायचं, असा त्यांचा संसार. गच्चीवर एक लोखंडी खुंट होता, त्याला दोराचे तीन वेढे मारून तो उभा राहायचा, आणि फळीवर बसलेली ती भिंतीवरून खाली सरकायची. चौतीस वर्षांत दोर त्याच्या हातून एकदाच सुटला, तोही शिंक आली म्हणून. ती दोन मजले सरळ खाली गेली. तोवर त्यानं दोर पुन्हा पकडला होता, आणि जाता जाता तिनं दोन काचा पुसून टाकल्या होत्या. बघणारे सांगतात की त्या दोन काचा त्या वर्षभर सगळ्यांत लख्ख राहिल्या.

आता दोरवाल्याचे डोळे गेले होते, त्याला सहा वर्षं झाली. डॉक्टरांनी हात टेकले. पण गच्चीवरच्या खोलीला पूर्वेची एक खिडकी होती. तिच्यापाशी तो रोज सकाळी खुर्ची टाकून बसायचा. ऊन डाव्या कानावर आलं की म्हणायचा, "साडेसात." नाकाच्या शेंड्यावर आलं की, "साडेआठ." पाच मिनिटांचाही फरक पडायचा नाही. दिवसभरातलं त्याचं बघणं ते एवढंच. आता ती खोली पाडून गच्चीवर पोहण्याचा तलाव होणार होता, आणि दोरवाल्याला मिळणार होतं बटणावरचं आभाळ.

काचवाली तडक खाली मॅनेजरच्या खोलीत गेली. मॅनेजर मऊ आवाजाचा माणूस. लोकांना नाही म्हणायची वेळ आली की तो आधी पाणी विचारायचा.

"काकू, पाणी घेणार?"

"घेईन, खिडकीतून आलं तर."

त्यानं हसून कागद पुढे केला. संमतीपत्र. खाली कंपनीच्या वतीनं त्याची सही आधीच झालेली. "नियमात घर द्या म्हटलंय. खिडकी द्या असं कुठेच म्हटलेलं नाही. आणि हे वाचा: 'घर क्रमांक पाचशे तीन, सही करतेवेळी आहे त्या स्थितीत, कोणतीही तक्रार वा फेरबदल न करता, उभयपक्षी मान्य.' शनिवारी अकराला तिथेच सही करू. फोटोवाला बोलावलाय. जुने रहिवासी नव्या घरात, छान दिसेल जाहिरातीत."

"आणि नाही केली सही तर?"

"तर तुम्ही घर नाकारलं असं होईल. मग आमच्या हातात काही राहणार नाही." आणि त्यानं हात उघडून दाखवले. खरंच त्यात काही नव्हतं, कामाचा एक घट्टासुद्धा नव्हता.

बाहेर दाराशी एक बादली होती. बादली दिसली की काचवालीची नजर आपसूक आत जायची. आत पाणी नव्हतं, पितळी आकड्यांच्या चकत्या होत्या. तिच्या खिडक्यांच्या! प्रत्येक खिडकीच्या दगडी कठड्यावर एक चकती असायची. 'तिसऱ्यावर सतरा तडकलीय', 'सहाव्यावर चाळीसची बिजागरी गेली', चौतीस वर्षं ती खिडक्यांना त्या आकड्यांनीच ओळखत आली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कोणी उपटल्या या?"

"मी काढायला सांगितल्या, मावशी," तिथे नकाशा पसरून बसलेला आर्किटेक्ट म्हणाला. गोड, हुशार, चष्मा पुसायची सवय असलेला तरुण, पण पुसायचा शर्टाच्या टोकानं, त्यामुळे काचवालीनं त्याला कधीच माफ केलं नव्हतं. "जुन्या लोकांची मोजण्यात चूक झाली होती. बावीसनंतर एकदम सत्तावीस! मजल्यावर खिडक्या चव्वेचाळीस आणि शेवटचा आकडा अठ्ठेचाळीस. मी नकाशात सगळं दुरुस्त करून घेतलं. नव्या चकत्या येतायत, एक ते चव्वेचाळीस, सरळ."

"किती मजल्यांवर चुकले होते ते?"

"सातही."

"सातही मजल्यांवर, त्याच जागी, तेच चार आकडे विसरले? अरे, ज्यांनी पितळ ओतून घेतलं त्यांना बावीसनंतर तेवीस येतं हे माहीत नव्हतं, आणि तुला माहीत होतं?"

आर्किटेक्ट चष्मा पुसू लागला. काचवालीनं बादली उचलली आणि जिना चढू लागली. "माझ्या आहेत," ती मागे न बघता म्हणाली. सात मजले ती बादली खणखणत गेली आणि कोणाची अडवायची छाती झाली नाही.

गच्चीवर जावई आधीच येऊन बसला होता. लेकीनं पाठवला असणार. दोरवाला खुर्चीत, आणि जावई त्याच्या बाजूला गुडघ्यावर हात ठेवून.

"आई, जरा शांतपणे ऐका. मी साहेबांना शब्द दिलाय की शनिवारी सही होईल. माझी नोकरी नवीन आहे. आणि तसं बघायला गेलं तर..." तो थांबला. थांबलाच होता तर तिथेच थांबायला हवं होतं. "तसं बघायला गेलं तर बाबांना कुठे दिसतं? त्यांना खिडकी असली काय आणि नसली काय, सारखंच."

कबुतरं उडाली. सगळी एकदम.

"जावईबापू," काचवाली म्हणाली, "पायऱ्या एकशे अडुसष्ट आहेत. मोजत उतरा. चुकलात तर पुन्हा वर या, मी स्वतः उतरवते, दोराशिवाय."

जावई गेला. ती बादली आपटून खाली बसली आणि अर्धा तास एकटीच बोलत राहिली. मॅनेजरच्या पाण्याला, आर्किटेक्टच्या शर्टाला, नकली पक्ष्याला, लेकीच्या पसंतीला, कोणालाच तिनं सोडलं नाही. दोरवाला ऐकत होता. दोर धरणाऱ्या माणसाला एक कळतं, की ताण असताना बोलायचं नाही. ढील पडल्यावर त्यानं विचारलं,

"आकडे कुठले म्हणालीस?"

"तेवीस ते सव्वीस."

"वडील म्हणायचे, त्या चौघी आत गेल्या. मी समजायचो, म्हातारा थट्टा करतोय." त्याचे वडील त्याच्याआधी त्याच खुंटाशी उभे राहायचे. "ते सांगायचे की पूर्वी इमारतीच्या मधोमध उजेडाची विहीर होती. वरून काचेचं छप्पर, आणि दर मजल्यावर चार खिडक्या तिच्यात उघडायच्या. एका बाजूला टपाल खातं, समोर टायपिंगच्या मुली. एका वर्षात नऊ लग्नं झाली. दहावं ठरलं ते मोठ्या साहेबांच्या मुलीचं, पाकिटं चिकटवणाऱ्या पोराशी. साहेबांनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावले आणि सातही मजल्यांच्या त्या खिडक्या आतून विटांनी बंद करून टाकल्या. वरच्या काचेवर डांबर ओतलं."

"आणि हे तुम्ही मला चौतीस वर्षांत सांगितलं नाहीत?"

"तू पुसायच्या खिडक्या विचारायचीस. न पुसायच्या कधी विचारल्याच नाहीस."

तो उठला. काठी टेकत गच्चीच्या मध्यावर गेला, जिथे ती चादरी वाळत घालायची. काठी आपटली. ठक. पुढे सरकला. ठक. आणखी दोन पावलं. ढम्म.

"रोज ऐकतो हे मी," तो म्हणाला. "वाटायचं, माझे कानपण चालले."

काचवाली त्या डांबरी चौकोनाकडे बघत राहिली. मग झटकन उठली. "आत्ता जाऊन त्या नकाशेवाल्याच्या नाकासमोर..."

"थांब. आपलं पाचशे तीन त्या विहिरीलाच टेकलेलं आहे. सांगितलंस तर ते खिडकी उघडतील आणि घर दुसऱ्याला देतील. आपल्याला देतील दुसरं काळोखाचं. कागदात काय आहे? पुन्हा सांग."

"सही करतेवेळी आहे त्या स्थितीत."

"मग आधी खिडकी, मागाहून सही," दोरवाला म्हणाला.

तीन दिवस दोघं डांबर खरवडत होती. त्याच्या हाताला पत्र्याचं उलथणं, तिच्या हाताला छिन्नी. खाली कामगार भिंती फोडत होते, त्या गोंगाटात वरचा आवाज कोण ऐकणार? डांबराखाली लोखंडी चौकट निघाली, तिच्यात मनगटाएवढ्या जाड काचा. शुक्रवारी संध्याकाळी काचवालीनं सोडा, लिंबू आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन त्या घासल्या. पुसायला घेतलेली काच ती अर्धवट सोडत नसे, मग मळ साठ वर्षांचा का बसलेला असेना.

शनिवारी दहा वाजता त्यांनी एक काच उचकटून काढली. खालून कोंदट, थंड वारा आला, जुन्या कागदाचा वास असलेला. तिनं फळी बांधली, कमरेला हातोडा, खांद्याला फडकं, गळ्यात रबराची पट्टी. सासष्ट वर्षांची होती. त्यानं खुंटाला तीन वेढे मारले, मग जरा विचार करून चौथा मारला.

"शिंक आली तर आधी सांगा," ती म्हणाली आणि आत उतरली.

सातव्या मजल्यावर चार खिडक्या, काजळीनं काळ्याकुट्ट. सहाव्यावर चार. आतल्या काळोखात तिच्या मागून उजेडाचा एक खांब खाली उतरत होता, आणि त्यात धूळ अशी उडत होती की जणू साठ वर्षांचे कारकून एकदम उठून घरी निघालेत.

"ढील द्या! आणखी! बस्स!"

पाचवा मजला. कठड्यावर पितळी चकती होती, कोणी न उपटलेली. तिनं बोटानं घासली. तेवीस.

आणि हातोडा उगारायच्या आधी काचवालीनं काय केलं? फडकं काढलं आणि काच पुसली. हाताला दुसरं काही सुचेना. वरून खाली, मग पट्टी मारून कडेपर्यंत. काच पुसून झाल्यावर तिनं कडी काढली, खिडकी उघडली, आणि समोर उघड्या विटा आल्या. एकेरी भिंत, चुन्यातली, भुसभुशीत. पलीकडून आवाज ऐकू येत होते.

"येईल ना म्हातारी?" हा मऊ आवाज मॅनेजरचा.

"येतील साहेब. जाणार कुठे? हट्टी आहेत, पण बाबांचं करणारं दुसरं कोणी नाही," हा जावयाचा.

"फोटो त्या आभाळासमोर घ्या. दोघं हसतायत असा."

काचवालीनं पहिला घाव घातला.

"कसला आवाज?"

"शेजारी काम चालू असेल," आर्किटेक्ट म्हणाला. "म्हणजे... शेजारी नकाशात काहीच नाहीये. भरीव आहे."

दुसरा घाव मॅनेजरच्या उघड्या तळहातांना. तिसरा 'म्हातारी'ला. चौथा, पाचवा, सहावा 'बाबांना कुठे दिसतं' या वाक्याला. त्या वाक्याचे घाव संपेचनात. विटा आत पडल्या, पातळ फळ्या फाटल्या, आणि अकराला पाच कमी असताना पाचशे तीन नंबरच्या घरातलं आभाळ उजव्या ढगापासून तडकलं. पक्षी दोन तुकडे होऊन सोफ्यावर पडला. त्या भगदाडातून आधी हातोडा आला, मग चुन्यानं पांढरंफेक झालेलं डोकं.

असा फोटो काढू नको असं फोटोवाल्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं काढला.

"आले," काचवाली म्हणाली. "फळीवरून उतरायला हात द्या, जावईबापू. का तेही साहेबांना विचारून?"

जावयानं हात दिला. मॅनेजर पाणी विचारायचं विसरला. आर्किटेक्ट मात्र भगदाडाशी धावला, मान आत घालून वर बघितली, खाली बघितली, चकती बघितली.

"तेवीस," तो पुटपुटला. "साहेब, वर काच आहे. ज्या चौकोनावर आपण पोहण्याचा तलाव ठेवणार होतो, तिथे काच आहे. खाली सात मजले पोकळ."

"म्हणजे?"

"म्हणजे पहिल्याच दिवशी लोक पोहायला गच्चीवर उतरले असते आणि तळमजल्यावर बाहेर पडले असते."

काचवालीनं तोवर टेबलावरचा कागद ओढला होता. फुलदाणी कोपरानं बाजूला सारली, पेन उचललं आणि सही ठोकली. चुन्याचा अख्खा पंजा कागदावर उमटला.

"एक मिनिट, एक मिनिट!" मॅनेजरचा आवाज पहिल्यांदाच मऊ राहिला नाही. "हे घर आता खिडकीचं झालं! याचा वर्ग बदलला. तुम्हाला आपण चौथ्यावर..."

"वाचा ना. तुम्हीच वाचून दाखवलं होतंत. सही करतेवेळी आहे त्या स्थितीत. ही घ्या स्थिती!" तिनं हातोडा भगदाडाकडे रोखला. "फेरबदल न करता! तक्रार माझी काही नाही. तुमची आहे का?"

मॅनेजरनं कागदाकडे हात नेला. त्याच्याआधी जावयाचा हात पोचला. जावयानं कागद नीट घडी करून सासूच्या हातात ठेवला.

"साहेब, फोटो निघालाय," तो खाली बघत म्हणाला. "कागद टेबलावर, तुमची सही दिसतेय, आणि मागे खिडकी."

काचवालीनं त्याच्याकडे बघितलं. वाटलं होतं तितका वाया गेलेला नव्हता तो. पण ते वाक्य तिला अजून आठवत होतं, म्हणून तिनं आभार मानले नाहीत. आजतागायत मानलेले नाहीत.

तेवढ्यात विहिरीतून वरून हाक आली. "अगं! पोचलीस का? का धरूनच उभा राहू?"

कोणाच्याच लक्षात नव्हतं. म्हातारा अजून चार वेढे घालून रिकामा दोर घट्ट धरून उभा होता.

"सोडा!" ती ओरडली, आणि मग आणखी जोरात ओरडली, "सोडा म्हटलं ना! आणि जिन्यानं या, कठडा धरून!"

महिन्याभरात चौकट बसली, काच बसली, चकती तीच राहिली. बाकीच्या सत्तावीस खिडक्या कंपनीनं आपण होऊन उघडल्या आणि जाहिरातीत लिहिलं की ही विहीर आमच्या आर्किटेक्टनं शोधून काढली. काचवालीनं ती जाहिरात दारात पायपुसणं म्हणून टाकली आहे.

पहिल्या दिवशी दोरवाला तेवीस नंबरपाशी खुर्ची टाकून बसला. साडेसात झाले, साडेआठ झाले. ऊन नाही. दहा वाजले. ती मागे उभी राहून ओठ चावत होती. मग वरून एक पट्टा उतरला, भिंतीवर रेंगाळला, आणि आधी त्याच्या कपाळावर आला, उभा, सरळ, पूर्वी कधी आला नव्हता तसा.

त्यानं चेहरा त्या पट्ट्याखाली हळूहळू फिरवून पाहिला. नवं घड्याळ होतं, शिकायला हवं होतं.

"अकरा वीस?" त्यानं विचारलं.

"एकवीस," ती म्हणाली.

बाराला ऊन गेलं. चाळीस मिनिटं! फक्त चाळीस! चौतीस वर्षं, तीनशे आठ खिडक्या, आणि माणसाच्या पदरात उजेडाची चाळीस मिनिटं? तिनं तेवीस नंबर सताड उघडली, विहिरीत डोकं घातलं आणि मॅनेजरपासून सुरुवात केली. आवाज विहिरीतून वर चढला, सहावा मजला, सातवा मजला, काचेच्या छपराची फट ओलांडून बाहेर पडला.

दोरवाल्यानं कान टवकारले. वर, खूप वर, पंखांचा फडफडाट झाला.

"उडाली," तो समाधानानं म्हणाला.